ओटीपी आला का रे, बाप्पा?

वऱ्हाडातल्या कुठल्याही कार्यालयात जा. तहसील असो, पंचायत समिती असो की सहकारी बँक, दिवसातून दोन वाक्यं हमखास कानावर येतात. पहिलं सकाळच्या चहाला : "आजकालच्या पोट्ट्यायले काहीच नाही येत, बाप्पा. नुसते मोबाइलात तोंड घालून बसतेत." दुसरं दुपारी, साहेबांचा फोन येऊन गेल्यावर : "बेटा, हे पीडीएफ कसं जोडा लागते, पाय बरं." बोलणारा माणूस तोच आणि पोट्टाही तोच. मधल्या चार तासांत त्या पोट्ट्याला सगळं यायला लागलेलं असतं. पीडीएफ जोडून झालं की संध्याकाळच्या चहाला त्याला पुन्हा काही येत नाही.

इथली कामाची वाटणीही बघण्यासारखी आहे. पासवर्ड पोट्ट्याला पाठ, ओटीपी बडे बाबूंच्या मोबाइलवर आणि सही साहेबांची. बडे बाबू चहाला गेले की ओटीपीही चहाला जातो. त्याची मुदत संपली की नवा मागवायचा, तोवर बडे बाबू पान खायला उतरलेले. "ओटीपी आला का रे, बाप्पा?" असं जिन्यावरून विचारत ते परत येतात तेव्हा पोट्टा सर्व्हरच्या पाया पडत असतो. एवढं होऊन मेल गेला, की काम कोणी केलं? ओटीपी ज्याचा, त्यानं.

आता अमरावती-अकोल्याच्या माणसाला वेग माहीत नाही असं कोणी म्हणू नये. जून २०२२ मध्ये याच दोन जिल्ह्यांत, लोणी ते माना, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ७५ किलोमीटरचा एक पदर सलग १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाला. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा विक्रम मोडला. सातशेच्या आसपास माणसं रात्रंदिवस खपत होती. त्यांत कोण कोणापेक्षा सीनियर, हे ठरवायला कोणी थांबलं नसावं. डांबर थंड होतं ना. त्याच रस्त्यानं अकोल्याची फाईल अमरावतीला विभागीय आयुक्तालयात जाते. रस्ता पाच दिवसांत झाला. फाईल मूर्तिजापूरला चहा घेतेय.

२०२४ साली सरकारनं ‘लाडक्या बहिणी’बरोबर भावांचीही आठवण काढली. योजनेचं नाव मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण; लोकांनी तिला लगेच ‘लाडका भाऊ’ करून टाकलं. वय १८ ते ३५. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८, पदवीधराला १० हजार. मुदत सहा महिने, पुढे ओरड झाली तेव्हा आणखी पाच. शाळा, ग्रामपंचायती, सरकारी कार्यालयं, सगळीकडे पोरं-पोरी पोचल्या. योजनेच्या नावातच प्रशिक्षण होतं. शिकवायचं कोणी, असं विचारल्यावर मात्र प्रत्येक टेबलानं शेजारच्या टेबलाकडे बघितलं.

बडे बाबूंच्या हिशेबानं ही फुकटची डेटा एंट्री होती. पोट्ट्याच्या हिशेबानं पाय तर आत पडला होता. अकरा महिन्यांत तो काय शिकला? झेरॉक्स कुठं स्वस्त पडते, साहेबांचा मूड कोणत्या वारी बरा असतो, कोणाला "बसा" म्हणायचं आणि कोणाला "उद्या या". बी.कॉम. झालेल्या पोरीकडे आवक नोंदवही दिली, जावक दिली नाही. जावकला म्हणे अनुभव लागतो. मुदत संपल्यावर हीच पोरं ‘कायम करा’ म्हणत रस्त्यावर बसली. कायम करायचं की नाही, ते सरकार बघेल. पण अकरा महिने शेजारी बसलेल्या पोराला एक टिपणी धड लिहिता येत नसेल, तर त्याचं उत्तर मंत्रालयाला विचारायचं कारण नाही. ते शेजारच्या खुर्चीला विचारायचं.

ती खुर्ची काही अडाणी नसते. उलट तिच्याकडे जे आहे ते गूगलच्या बापाकडे नाही. समजा, एक कास्तकार खिडकीशी येऊन उभा राहिला. "माहं सात-बाऱ्यावर नाव नाही आलं जी." पोट्टा स्क्रीनवरची नजर न काढता सांगतो, "सर्व्हर डाऊन आहे काका, उद्या या." कास्तकार वळतो. बडे बाबू चष्म्यावरून त्याच्याकडे बघतात. "तू टाकळीचा ना बे? तुह्या बापाच्या नावाचा फेरफार झाला होता का? वारसाचा अर्ज देल्ला होता का?" दोन प्रश्नांत गाठ सापडली. १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सात-बारा मिळतो, दोन मिनिटांत उतारा हातात पडतो. त्यावर नाव का नाही, हे मात्र उतारा सांगत नाही. ते बडे बाबू सांगतात.

कोणाला सांगतात? कास्तकाराला. पोट्ट्याला नाही. पोट्टा हातभर अंतरावर बसलेला असतो, पण "हे बघ, वारसाचं प्रकरण असलं की आधी हे विचारायचं, मग ते बघायचं" असं एक वाक्य त्याच्या वाट्याला येत नाही. सांगितलं तर आपली गरज काय उरली, ही भीती. तीस वर्षांची नोकरी डोक्यात कुलूपबंद करून ठेवायची, किल्ली कमरेला लावायची, आणि चहाला सांगायचं, पोट्ट्यायले काहीच नाही येत. येईल कुठून?

पोट्टेही कमी नाहीत, त्यांचंही ऐका. साहेबांच्या चार ओळींच्या मेसेजला अंगठ्याचं चित्र पाठवतात. समोरचा म्हातारा बोलत असताना कानातली बोंडं काढत नाहीत. "हे असं काऊन करता?" हा प्रश्न त्यांनी विचारायलाच हवा, पण तो चार लोकांत, मान वर करून आणि हसत विचारला तर बडे बाबू उत्तर देतील कशाला? आणि दर तीन महिन्यांनी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास म्हणून रजा. रजेवर जाण्याआधी फाईल कुठं ठेवली हे कोणाला सांगायची पद्धत नाही. ज्ञान कुलपात ठेवायचा गुण त्यांनी मोठ्यांकडून न शिकवता उचलला आहे, एवढं खरं.

खरी मजा येते ती उतरंड उलटी झाली की. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून जास्त अर्ज आले होते. त्या गर्दीतून घासून निघालेली पंचविशीची पोरगी तलाठी होऊन गावात येते आणि तिच्या हाताखाली पंचावन्नचा कोतवाल असतो. तिच्या हातात ई-पीक पाहणी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे ॲप आहे. कास्तकारानं स्वतः वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद करायची. ॲप म्हणतं, नेटवर्क नाही. कोतवाल म्हणतो, "मॅडम, त्या बोरीखाली या, तिथं येते रेंज." हे बोरीचं झाड कुठल्याही परिपत्रकात नाही. जिथं मॅडम त्याला "काका" म्हणतात आणि काका त्याचा फायदा घेऊन काकागिरी करत नाहीत, तिथली नोंद मुदतीत होते. जिथं काका पहिल्याच दिवशी "आम्ही असे बारा तलाठी पाहिले" म्हणतात, तिथं मॅडम बोर शोधत बसतात आणि काका सावलीत.

पिढ्यांचं भांडण म्हणून जे आपण रंगवतो, त्याचं मूळ कधीकधी साध्या तारखेत असतं. १ नोव्हेंबर २००५. त्याआधी सरकारी नोकरीत लागलेल्याला जुनी पेन्शन. त्या दिवसापासून लागलेल्याला नाही. एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली, एकच काम करणारी दोन माणसं, पण एकाचं म्हातारपण बांधलेलं आणि दुसऱ्याचं शेअर बाजाराच्या हवाली. पुढे सरकारनं सुधारित योजना आणली, तरी मनातली ओळ पुसली गेली नाही. पोट्टा पाचला बॅग का उचलतो, हे विचारणाऱ्यानं ही तारीख एकदा कॅलेंडरवर बघावी.

गंमत म्हणजे याच तारखेनं दोघांना एकदा एकत्रही आणलं. १४ मार्च २०२३ ला ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत संप झाला. ज्यांची पेन्शन पक्की होती असे पिकल्या केसांचे बाबूही पोट्ट्यांबरोबर उन्हात बसले. वऱ्हाडात मार्चचं ऊन म्हणजे चेष्टा नाही. सात दिवस कोणी कोणाला "तुला काय कळते" म्हटलं नाही. २० तारखेला संप मिटला, आणि २१ ला पोट्टा पुन्हा आवक नोंदवहीवर.

म्हणजे जमतं. फक्त संप असला की.

अमरावती जिल्ह्यात तर न जमायला निमित्तच नाही. गाडगेबाबा शेंडगावचे, जन्म १८७६. तुकडोजी महाराज यावलीचे, जन्म १९०९. दोघं याच जिल्ह्यातले, वयात ३३ वर्षांचं अंतर. म्हणजे आजच्या बडे बाबू आणि ‘लाडक्या भावा’त असतं तेवढंच. बाबांच्या हातात खराटा, महाराजांच्या हातात खंजिरी. खंजिरी ठेव आणि आधी दहा वर्षं झाडून काढ, मग बघू, असं धोरण बाबांचं असतं तर आपली केवढी पंचाईत झाली असती! मोझरीचा गुरुकुंज उभा राहिला तो तुकडोजींच्या रीतीनं. बाबांनी धर्मशाळा बांधल्या त्या त्यांच्या रीतीनं. दोघं एकमेकांना मानत आले. आणखी एक. गाडगेबाबांचं कीर्तन प्रश्नांनी चालायचं. बाबा विचारायचे, समोरची माणसं उत्तर द्यायची. शाळेत न गेलेल्या या माणसाला प्रश्न विचारण्यात कमीपणा वाटला नाही. आज एकाच्या नावानं अमरावतीला आणि दुसऱ्याच्या नावानं नागपूरला विद्यापीठ आहे. तिथून पदवी घेऊन तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला "हे एक्सेल मला शिकवशील का?" एवढं विचारताना घाम फुटतो. त्याऐवजी तो म्हणतो, "हे जरा करून दे."

शिकवायची पद्धत हवी असेल तर अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी याच मंडळाच्या पथकानं देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. आपल्या कार्यालयांनी तिथला मल्लखांब बघून यावा. पोरगं वर असतं, वस्ताद खाली. टाळ्या वरच्याला पडतात, आणि वस्तादाचं त्यात काही जात नाही. आमच्याकडे वस्तादच खांबावर बसलेला, आणि पोट्ट्याला सांगितलंय की खांब धरून उभा राहा.

मग पोट्टा काय करतो? संध्याकाळी चौकातून पुण्याची ट्रॅव्हल्स पकडतो. अमरावती असो की अकोला, रोज रात्री भरून गाड्या जातात. त्यांत बसलेल्यांतले किती परत येतात ते ज्याच्या-त्याच्या घरच्या रिकाम्या खोलीला माहीत. जो गेला त्याचं आपण कौतुक करतो. "आमचा हिंजवडीले आहे जी." जो इथंच राहिला, आठ-दहा हजारांत राहिला, आई-बापाजवळ राहिला, त्याला मात्र आपण चार लोकांत ‘काही न येणारा’ ठरवतो. वऱ्हाडाचा अनुशेष सिंचनाचा आहे, रस्त्यांचा आहे, हे ऐकत आमची हयात गेली. पण हाताशी असलेली पोरं टिकवायला कुठलं पॅकेज लागत नाही. त्यांचं नाव टिपणीवर घ्यायला अधिवेशनही लागत नाही.

तेव्हा बडे बाबू, सोमवारी दोनच कामं करा. जावक नोंदवही त्या पोरीकडे द्या, आणि टाकळीच्या कास्तकाराला काय विचारलं व का विचारलं, हे पोट्ट्याला बसवून सांगा. पासवर्ड तुमचा तुम्ही पाठ करा, ते तिसरं काम सवडीनं. आणि पोट्टेहो, बाबू सांगायला लागले की कानातलं काढा.

हे परोपकार म्हणून सांगत नाही. राज्य सरकारी नोकरीत निवृत्तीचं वय ५८. त्या दिवशी शाल, श्रीफळ, फोटो होईल, भाषणं होतील. दुसऱ्या दिवशी तुमच्या पेन्शनचं प्रकरण नागपूरला महालेखापालांकडे अडलंय की सुटलंय, हे स्क्रीनवर बघून सांगणारा तोच पोट्टा असेल. दर नोव्हेंबरला तुम्ही हयात असल्याचा दाखला मोबाइलवरून भरून देणाराही तोच. आणि जुनी पेन्शन त्याला स्वतःला नाही.