माऊली, गाडी सरकवता का?

अहो, ऐकलंत का? अशा लांबून नाही, जरा कंपाउंडपाशी या. त्यांच्या खिडक्या उघड्या आहेत आणि माझा आवाज कसा आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तर… गुरुवारी आपल्या भाऊजींचं काय झालं ते कळलं ना? नाव नाही घेत मी. पांढऱ्या गाडीवाले हो, दुसरं कोण!

गुरुवारी आपल्या शेगावात आधीच मुंगीला शिरायला जागा नसते, त्यात पोरांच्या सुट्ट्या लागलेल्या. सकाळी सडा टाकायला बाहेर आले, तर गल्लीत निम्मा महाराष्ट्र उभा. एमएच 12 पुण्याची, एमएच 20 संभाजीनगरची, एमएच 19 जळगावची. एमएच 30 अकोल्याची तर काय, घरचीच म्हणायची. आपली एमएच 28 कुठे दिसलीच, तर मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. अहो, संस्थानाचं वाहनतळ आहे, स्टेशनवरून मंदिरापर्यंत फुकट बस आहे. पण नाही, चार पावलं चालायला नकोत. वर मलाच सांगतात, "ताई, दर्शन घेऊन पाच मिनिटांत आलोच." पाच मिनिटं! गुरुवारी! समाधीची रांग काय ह्यांच्यासाठी थांबली आहे?

आता पाहुण्यांना तरी काय बोलायचं म्हणा. गजानन महाराजांच्या ओढीनं येतात बिचारे. पण घरचेच लोक जेव्हा… हां, तर काय सांगत होते, भाऊजी!

भाऊजी संस्थानात सेवेला जातात, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. पाळी आली की पांढरे कपडे इस्त्री करून तयार. मी स्वतः पाहिलंय त्यांना, चपलांच्या स्टँडपाशी हात जोडून उभे. "माऊली, इकडून या. माऊली, सावकाश. माऊली, पुढे चला." आवाज कसा, तर लोण्यासारखा. मला वाटलं, हे आपले शेजारीच का? कारण घरी आले की हाच माणूस गाडी अशी आडवी लावतो की अर्धी त्यांच्या दारात आणि अर्धी आमच्या फाटकात. काही बोलायला जावं, तर म्हणे, "रोड काय तुमच्या नावावर आहे का?"

आमचा धाकटा लॉ करतोय ना, त्यानं एकदा सांगून पाहिलं, "काका, मोटार वाहन कायद्याचं 122 वं कलम वाचा. दुसऱ्याला अडथळा होईल अशी गाडी उभी करता येत नाही." तर भाऊजी म्हणतात, "ते हायवेसाठी असतं रे." घ्या! ह्यांच्या सोयीनं कलमं!

तर गुरुवारी सासूबाईंना बुलडाण्याला जायचं होतं. पेन्शनचं काम. सोबतीला धाकटा. आता सासूबाईंना पंच्याहत्तर कधीच उलटून गेली, 2022 च्या ऑगस्टपासून एसटी फुकट, त्यामुळे त्यांना प्रवासाचा कसा हुरूप! रिक्षा बोलावली, तर रिक्षा कोपऱ्यावरच अडकली. पुढे भाऊजींची पांढरी गाडी, मागे ती पुण्याची एमएच 12. रिक्षावाला हॉर्न वाजवून दमला. आणि भाऊजी ओट्यावर बनियनमध्ये उभे, तोंडात ब्रश. बघताहेत, पण हलत नाहीत.

मी पदर खोचलाच होता बोलायला. पण सासूबाईंनी मला हातानं मागे सारलं. काठी टेकत टेकत थेट त्यांच्या ओट्याशी गेल्या, काठी बगलेत धरली, दोन्ही हात जोडले आणि म्हणतात कशा, "माऊली, गाडी सरकवता का बाप्पा? मले माह्याच फाटकाचं दर्शन होऊन नाई रायलं!"

अहो, चेहरा बघायला हवा होता! ब्रश तसाच तोंडात, फेस हनुवटीवर. लाल झाले, मग पांढरे, मग पुन्हा लाल. आणि आतून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून, त्यांच्याच बायकोचं हसू ऐकू आलं. दाबलेलं, पण आलंच. रिक्षावाला तर हँडलवर डोकं टेकून हसत होता. बनियनवरच आले हो खाली, किल्ली सापडेना, एकदा आत, एकदा बाहेर… सरकवली गाडी.

पण व्हायचं ते झालंच. सासूबाईंची बस गेली. पुढची आली तेव्हा स्टँडवर ही गर्दी! खिडकीतून कुणी रुमाल टाकतंय, कुणी टोपी, एकीनं तर लेकराचं दप्तरच आत टाकलं. आणि 2023 च्या मार्चपासून आपल्याला हाफ तिकीट झालं ना, ते पुरुषांच्या अजून पोटात दुखतंय. एक जण म्हणाला म्हणे, "पैसे आमचे पूरे अन् शीट बायाले." सासूबाई म्हणाल्या, "मी तर फुकट चाललो, मले उठवतं का?" गप्प बसला.

पण एसटीशिवाय इलाज तरी काय? जिल्ह्याचं ठिकाण आणि रेल्वे नाही, असं आपलं बुलडाणा. रेल्वेनं जायचं तर मलकापूरला उतरा आणि राजूर घाट चढा. खामगावला बघा, 1870 सालीच जलंबहून फाटा आला, उद्घाटनाला खुद्द लॉर्ड मेयो. का, तर कापूस न्यायचा होता! आणि खामगाव-जालना लाइनीचं आम्ही लग्न होऊन आलो तेव्हापासून ऐकतोय. कापसाला रेल्वे लगेच मिळाली, माणसांनी अजून रुमालच टाकायचे.

सासूबाई संध्याकाळी परत आल्या त्या वाघाची गोष्ट घेऊन. बस बोथ्याच्या जंगलातून जाते ना, तिथं कंडक्टरनं पुन्हा सांगितली. तो नाही का, गळ्यात कॉलर असलेला? 2019 च्या जूनमध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वरातून निघाला आणि डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटर चालत! सासूबाई म्हणतात, "त्यो शहाणा. ना तिकीट, ना पार्किंग."

तर… कुठे होते मी? हां, कचरा! तो तर राहूनच गेला.

कोपऱ्यावरच्या काकू रात्री जेवणानंतर शतपावलीला निघतात ना? मी म्हणायचे, वा, तब्येतीची काय काळजी! पण शतपावलीला जाताना हातात काळी पिशवी आणि येताना हात रिकामे, हे कसं हो? सकाळी घंटागाडी येते, गाणं वाजवते, दारात थांबते. तेव्हा ह्यांची आंघोळ चालू. ओला वेगळा, सुका वेगळा करायला ह्यांना वेळ नाही. मग रात्री लाइटच्या खांबाखाली पिशवी ठेवून यायची. पहाटे कुत्र्यांनी ती फाडली, तर आतून काय काय निघालं! भाताचा गोळा, अर्धी पोळी, आणि त्याला चिकटलेलं चक्क लाइटबिल. नावासकट! गिरणीवाल्या वहिनींनी ते चिमटीत धरून काकूंच्या दारात नेऊन दिलं, "काकू, तुमचं बिल पडलं होतं." काकूंनी आवंढा गिळला आणि म्हणाल्या, "वाऱ्यानं उडालं असेल बाई." गाठ मारलेल्या पिशवीत शिरणारं वारं म्हणजे कमालच!

आणि नुसता काकूंना दोष देऊन चालणार नाही. पाहुणे गाडीत बसून कचोरी खातात आणि काच खाली करून कागद सोडून देतात. तेलानं पारदर्शक झालेला तो कागद, त्यावर चिकटलेलं तळलेल्या मिरचीचं देठ… झाडू मारला तरी फरशीचा डाग जात नाही. श्रावणात पालखी पंढरपूरहून परत येते, खामगावपासून लाखो लोक पायी येतात. तेव्हा आपणच चहा वाटतो, फराळ वाटतो. पुण्य आपलं आणि चहाचे कप रस्त्याचे!

मग काय, रविवारी संध्याकाळी निंबाखाली मीटिंग बसली. तुम्ही नव्हता, माहेरी गेला होतात, म्हणून तर सांगतेय. बँकेतले दादा पेपरमधलं सांगायला लागले की परिवहनमंत्री सरनाईक 2025 च्या मे महिन्यातच म्हणालेत, पार्किंगच्या जागेचा दाखला दाखवल्याशिवाय नव्या गाडीची नोंदणी नाही. हे ऐकून भाऊजी काहीच बोलेनात. मला कळलं का. मुलासाठी दुसरी गाडी बुक केलीय हो! कुठे लावणार? आमच्या तुळशीपाशी?

मग कचऱ्याचा विषय निघाला, तशा काकूच पुढे. अगदी पोटतिडकीनं म्हणतात, "त्या खांबाजवळच्या भिंतीला महाराजांच्या फोटोची टाइल लावू. मग कोणी घाण टाकणार नाही." बँकेतल्या दादांनी मान डोलावली. वर्गणीचा आकडा ठरायला आला. आणि सासूबाई, इतका वेळ डोळे मिटून बसलेल्या, एकदम म्हणाल्या, "महाराजाले उकिरड्यावर बसवता काय?"

सगळे गप्प.

"महाराज पहिल्यांदा दिसले ते काय करत होते, सांगा बरं," म्हणाल्या. आता हे शेगावातलं शेंबडं पोरही सांगेल. 1878 चा 23 फेब्रुवारी, देविदास पातुरकरांच्या घराबाहेर टाकलेल्या उष्ट्या पत्रावळी, आणि त्यावरची शितं वेचून खाणारे महाराज. भक्त बंकटलालांनी पाहिलं ते हेच. सासूबाई म्हणाल्या, "उष्ट्यातलं शीत त्यायनं वाया जाऊ नाई देल्लं. अन् आपण अर्धी पोळी काळ्या पिशवीत भरून खांबाखाली फेकतो, मंग तिथंच त्यायचा फोटो लावतो. कोणाले फसवता?"

काकू पदराशी चाळा करायला लागल्या. भाऊजी खाली बघत होते, म्हणून मला जरा गंमत वाटली. पण सासूबाई तिकडेही वळल्याच. "मंदिरात कोणी कोणाच्या अंगावर खेकसत नाई. काहून? तिथं पोलीस हाय काय? तिथं आपण सगळ्याइले माऊली म्हणतो म्हणून. त्या शब्दाले गल्लीत यायले काय रिक्षा पाह्यजे?"

फोटोची टाइल रद्द झाली. ठरलं ते इतकंच: रात्री खांबाखाली पिशवी ठेवायची नाही, सकाळी गाणं वाजलं की दोन डबे घेऊन दारात यायचं, आणि फाटकांसमोर चुन्याची रेघ, गाडी त्या रेघेच्या आत नाही. चुना गिरणीवाल्यांनी दिला. आणि रेघ कोणी मारली माहितीय? भाऊजींनी! वाकून, सुतळी धरून, अगदी सरळ. बायको ओट्यावरून सांगत होती, "थोडी इकडं, थोडी इकडं." इतक्या वर्षांची हौस फिटली तिची.

आता म्हणे येत्या गुरुवारी सकाळी ते कोपऱ्यावर उभे राहणार आहेत. बाहेरच्या गाड्या आल्या की हात जोडून वाहनतळाचा रस्ता दाखवणार. बघू. गुरुवार लांब नाही. पण एक सांगते, त्यांना जमेल. सवय आहे त्यांना, फक्त मंदिराच्या दारापर्यंतच होती. आपण तरी वेगळं काय करतो? सेवेचा नंबर लागावा म्हणून वर्ष वर्ष वाट पाहू आणि स्वतःच्या दारातला कागद शेजारच्या दारात सारू. सासूबाईंचं मला पटलं. त्यांना तसं सांगणार नाही, पण पटलं.

चला, कुकर लावायचाय. आणि हो, अहो, जाता जाता… तुमच्या सुक्या कचऱ्याच्या डब्यात आज आंब्याच्या कोयी दिसल्या. मी कुणाला बोलले नाही हं. पण उद्यापासून तेवढं वेगळं करा, सासूबाई सकाळी फाटकात बसतात.