जवसाच्या तेलातली शेवंती

“वेळच मिळत नाही, नाहीतर मी चित्रकार झाले असते,” हे वाक्य मी वीस वर्षं हळदीकुंकवापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे वापरलं. शेवटी एका मैत्रिणीने मोबाइलवर एक तैलचित्र दाखवलं. संगमरवरी टेबलावर फुलं, मागे अंधार. अॅमस्टरडॅमच्या राखेल रौस या बाईंनी ते १७१६ साली काढलेलं.

“हिला दहा मुलं झाली,” मैत्रीण म्हणाली.

मला एकच आहे, आणि तोही हॉस्टेलवर.

त्याच संध्याकाळी मी कॅनव्हास, रंग, टर्पेंटाइन आणि जवसाच्या तेलाची बाटली घेऊन आले. सासूबाईंनी बाटलीची किंमत वाचली. “एवढ्यात वर्षाची जवसाची चटणी झाली असती. पोटात तरी गेली असती.”

श्रावण होता. मंडईतून शेवंती, अॅस्टर आणि गुलछडी आणली. संगमरवरी टेबल नव्हतं, म्हणून कडप्प्याच्या ओट्यावर तांब्यात मांडली. पहिल्या दिवशी तांब्या झाला. दुसऱ्या दिवशी तांब्या पुसून पुन्हा काढला. तिसऱ्या सकाळी तांब्या होता, फुलं नव्हती. ती देवघरात होती. “दोन दिवस नुसती उभी होती बिचारी. सुकायच्या आत देवाला तरी वाहिली,” सासूबाई म्हणाल्या.

मग कळलं, की ते डच चित्रकार एकाच फुलदाणीत वसंतातला ट्यूलिप आणि उन्हाळ्यातलं फूल सुखाने नांदवत. आधी एकेका फुलाचा अभ्यास करून ठेवायचा, मग चित्रात सगळ्यांना एकत्र बोलवायचं. राखेलबाईंचे वडील तर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. पंधराव्या वर्षापासून त्या विलेम फान आल्स्ट या फुलांच्या चित्रकाराकडे शिकल्या. मी पंधराव्या वर्षी बेडकाच्या आकृतीला नावं देत होते, तीही चुकीची.

तरी चिकाटीने शेवंती पूर्ण केली. पाकळ्यांना उठाव यावा म्हणून रंग सढळ हाताने थापला. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. “भजी मात्र हुबेहूब जमलीत हो. कांद्याची ना?”

खरा घात पुढेच होता. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. जाड थर असेल तर महिनेच्या महिने. हे मी कॅनव्हास खुर्चीच्या पाठीला टेकवून ठेवल्यानंतर वाचलं. तोवर आमचे हे पांढरा शर्ट घालून, त्याच खुर्चीत पाच मिनिटं पेपर वाचून ऑफिसला गेले होते. संध्याकाळी परतले ते पाठीवर तीन पिवळी भजी घेऊन. “दिवसभर कुणी काही बोललं नाही,” ते म्हणाले. “फक्त सगळे मला आधी पुढे जाऊ देत होते.”

राखेलबाई १७०८ साली ड्युसेलडॉर्फच्या दरबाराच्या चित्रकार झाल्या, त्याही अॅमस्टरडॅमच्या घरी राहून. नवरा चित्रकारच होता, त्यामुळे शर्टाचं त्याने फारसं मनावर घेतलं नसावं.

म्हातारपणी त्या सहीशेजारी वय लिहीत. त्र्याऐंशीव्या वर्षीसुद्धा लिहिलं. मी बावन्न वर्षांची आहे, म्हणजे हिशेबाने अजून ३१ वर्षं हातात आहेत. सही अजून केलेली नाही. त्या कोपऱ्यातला रंग ओला आहे.