सातव्या आसनाची मीमांसा

नव्या कौटुंबिक एसयूव्हीचे परीक्षण करणाऱ्या जाणकारांमध्ये डॅशबोर्डवरील चकचकीत काळ्या पट्टीपासून मायलेजपर्यंत प्रत्येक बाबतीत मतभेद आढळत असले, तरी एका सिद्धान्तावर त्यांचे संपूर्ण एकमत आहे: तिसरी रांग लहान मुलांसाठी उत्तम आहे आणि मोठ्या माणसांना जवळच्या अंतरासाठी चालून जाईल. गाडी बारा लाखांची असो वा तीस लाखांची, पेट्रोलवर चालो वा विजेवर, हे विधान प्रत्येक परीक्षणात जवळजवळ शब्दशः अवतरते. आणि ज्या विधानाला अपवाद म्हणून सापडत नाही त्याला नियमाचा दर्जा द्यावा लागत असल्यामुळे, या नियमाची रीतसर तपासणी होणे अगत्याचे ठरते.

तिसरी रांग म्हणजे मागच्या चाकांच्या आसाच्या आसपास, डिकीच्या दाराला पाठ लावून बसवलेली दोन आसनांची जोडी. तिच्याखाली आस, सस्पेन्शन आणि पुष्कळदा स्टेपनी यांची वस्ती असल्यामुळे तेथील जमीन उंच असते. वरून छत उतरते आलेले असल्यामुळे गादी मात्र उचलता येत नाही. आसनरचनेच्या शास्त्रात एच-पॉइंट नावाची एक संज्ञा आहे, आणि बसलेल्या माणसाच्या कमरेचा व मांडीचा सांधा जेथे येतो तो बिंदू असा तिचा अर्थ आहे. हा बिंदू जमिनीपासून पुरेसा उंच असेल तर मांडी गादीवर टेकते. तो जमिनीच्या फार जवळ आला तर मांडी अधांतरी राहते, शरीराचा सगळा भार बैठकीच्या दोन हाडांवर येतो आणि गुडघे हनुवटीच्या भेटीला निघतात. परीक्षक या अवस्थेचे वर्णन ‘अंडर-थाय सपोर्ट थोडा कमी वाटतो’ असे करतात, आणि लगेच पुढच्या वाक्यात कपहोल्डरकडे वळतात.

आता ‘लहान मुले’ या घटकाचा विचार करू गेल्यास असे दिसते की, जे मूल या रांगेत खरोखर मावेल इतके लहान आहे, त्याला चाइल्ड सीट लागते. ती चाइल्ड सीट बहुतेक गाड्यांत दुसऱ्या रांगेत बसते. आणि एकदा ती बसवली की दुसऱ्या रांगेचा तेवढा भाग दुमडून पुढे लोटता येत नाही, म्हणजे तिसऱ्या रांगेकडे जाणारी ती वाटच बुजते. उलटपक्षी, चाइल्ड सीटच्या वयातून सुटलेले मूल काही वर्षांतच बापाच्या उंचीला येऊ लागते. या दोन टोकांच्या मध्ये जी काही मुले उरतात, त्यांच्यासाठीच ही रांग उत्तम असल्याचे मान्य केले, तर प्रत्येक कुटुंबाने अपत्यजन्माचे नियोजन गाडीच्या हप्त्यांशी जुळवून घेणे क्रमप्राप्त ठरते. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १९४ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याविना किंवा योग्य आसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. तिसऱ्या रांगेतला पट्टा मात्र बहुधा दुमडलेल्या गादीच्या फटीत, गेल्या दिवाळीच्या चिवड्यासह, कायमचा मुक्कामाला असतो.

‘जवळचे अंतर’ ही संकल्पनाही अशीच निसरडी आहे. कोथरूडहून हडपसर हे नकाशावर जवळचे अंतर असले, तरी संध्याकाळी सहा वाजता ते कालमापनाच्या वेगळ्याच एककात मोजावे लागते. शिवाय, मंडईतून कोथिंबीर आणण्यासाठी कोणी सात आसनांची गाडी घेत नाही. ती घेतली जाते ती गणपतीला कोकणात जाण्यासाठी, कुलदैवताला जाण्यासाठी, लग्नाला जाण्यासाठी. ज्या एका कारणासाठी सातवे आसन विकत घेतले जाते, नेमक्या त्याच कारणासाठी ते निरुपयोगी आहे, असे परीक्षकाने लेखी कळवूनही गाडीला साडेचार तारे मिळतात, हा तर्कशास्त्राच्या अभ्यासकांनी लक्ष घालावा असा प्रकार आहे.

सामानाच्या जागेबाबतही हाच न्याय लागू होतो. डिकीची क्षमता लिटरमध्ये सांगण्याची प्रथा आहे, आणि ती मोजण्याच्या एका प्रचलित पद्धतीत २०० × १०० × ५० मिलिमीटर मापाचे, म्हणजे बरोबर एक लिटर घनफळाचे ठोकळे डिकीत रचून त्यांची गणती करतात. मराठी कुटुंब प्रवासाला निघताना ठोकळे नेत असते तर ही पद्धत निर्दोष ठरली असती. प्रत्यक्षात ते हापूसची पेटी, उकड्या तांदळाचे पोते, मखराची घडी, कुणाच्या तरी मुलाचे क्रिकेटचे किट आणि ‘वाटेत लागेल’ म्हणून घेतलेली एक पिशवी घेऊन निघते, आणि त्या पिशवीत काय आहे हे वाटेत कधीच कोणाला आठवत नाही. तिसरी रांग उभी केली की अनेक गाड्यांत डिकी म्हणून एक अरुंद खाच तेवढी उरते. तेव्हा सात माणसे न्यावीत तर सामान राहते आणि सामान न्यावे तर माणसे राहतात. यावर काढण्यात आलेला तोडगा असा की, काही माणसे आणि काही सामान एकत्र मागे बसवावे, आणि दोघांनीही घाटात एकमेकांना धरून राहावे.

किमतीचा हिशेब तर सर्वांत मनोज्ञ आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासूनच्या वस्तू व सेवा कराच्या दरांनुसार चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलचे १,२०० किंवा डिझेलचे १,५०० सीसीपर्यंतचे इंजिन असलेल्या मोटारीवर १८ टक्के कर आहे. यातली कोणतीही मर्यादा ओलांडली की तो ४० टक्के होतो. त्यामुळे काही गाड्यांत सात माणसे चार मीटरच्या आत कोंबलेली असतात, आणि उरलेल्या गाड्यांत ग्राहक लांबीचे जादा पैसे मोजूनही मागच्या प्रवाशाचे गुडघे जिथल्या तिथेच राहतात. ऑन-रोड, म्हणजे सर्व कर, नोंदणी आणि विमा धरून, गाडी २१ लाखांना पडते असे मानले, तर परीक्षक तिला सातने भागून दर आसनी तीन लाख असा भाव काढतो आणि ‘व्हॅल्यू फॉर मनी’ असा शेरा मारतो. त्याच भावाने शेवटची दोन आसने सहा लाखांची होतात. हे सहा लाख रुपये वर्षाचा बहुतेक काळ डिकीत पालथे पडून असतात आणि त्यांच्यावर भाजीच्या पिशव्या ठेवल्या जातात. एवढी रक्कम पालथी घालून तिच्यावर दुधी भोपळा ठेवण्याची ऐपत असलेल्या वर्गाला आजकाल मध्यमवर्ग म्हणतात.

येथपर्यंतचा भाग करमणुकीत जमा करता आला असता. पण या रांगेत प्रत्यक्षात कोण बसते, हा प्रश्न कोणत्याही परीक्षणात विचारला जात नाही, आणि विचारला गेला असता तर लेखाचा सूर इतका प्रसन्न राहिला नसता. गाडीतील आसनवाटप हे घरातील मानाच्या उतरंडीचे अचूक मोजमाप असते. चालवायला कर्ता मुलगा. त्याच्या शेजारी, गुडघ्यांचा त्रास म्हणून, वडील. दुसऱ्या रांगेत खिडकीशी आई, दुसऱ्या खिडकीशी सून आणि मध्ये बाळ. आणि तिसऱ्या रांगेत ज्यांनी आजवर कशालाच नाही म्हटलेले नाही ती माणसे, म्हणजे लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परतलेली आत्या आणि बाळ सांभाळायला ठेवलेल्या मावशी. गुडघे आत्यांचेही दुखतात, परंतु त्या दुखण्याचा एक्स-रे कोणी काढलेला नसल्यामुळे आसनवाटपात ते ग्राह्य धरले जात नाही. मावशी घरच्या नाहीत म्हणून मागे, पण बाळ रडले की दोन गाद्यांच्या मधून बाटली पुढे करण्याइतक्या मात्र घरच्या. आत शिरताना एक पाय पायरीवर, कमरेत वाकलेले, एका हाताने गाद्यांची पाठ धरलेली, पदर सीटच्या रुळात अडकलेला, आणि बाहेरून तीन जणांचे मार्गदर्शन. असा प्रवेश करून एकदा बसल्या की त्यांना स्वतःच्या इच्छेने बाहेर पडता येत नाही, कारण तिसऱ्या रांगेला स्वतःचे दार नसते, डिकीचे दार बहुतेक गाड्यांत आतून सहजी उघडत नाही, आणि पुढच्या कोणी उतरून गादी दुमडल्याखेरीज सुटका नसते. एक्सप्रेस वेच्या फूड मॉलवर गाडी थांबते, पुढचे सगळे पाय मोकळे करायला उतरतात, आणि मग काचेतून अत्यंत प्रेमाने विचारले जाते, “आत्या, तुम्ही कशाला उतरताय? चहा इथेच आणून देतो.” आत्यांना चहा नको असतो, जायचे असते दुसरीकडेच, पण त्यासाठी बाळाला उठवावे लागेल, सीट पाडावी लागेल, सगळ्यांचा खोळंबा होईल, हे सगळे मनाशी मोजून त्या “नको रे, मी ठीक आहे” म्हणतात, आणि पुढच्या थांब्यापर्यंत पाणी पीत नाहीत. कौटुंबिक उपयुक्ततेच्या रकान्यात या न प्यालेल्या पाण्याची नोंद कोठे करायची, हे एकदा कोणी तरी सांगावे. अपघात झाला, गाडीने पेट घेतला, पाण्यात गेली, तर ज्यांना सर्वांत शेवटी बाहेर पडता येईल त्या जागी म्हातारी माणसे, मुले आणि नोकर बसवायचे, आणि त्या व्यवस्थेला ‘फ्लेक्सिबल सीटिंग’ म्हणायचे, याला निर्लज्जपणा हा शब्द सौम्य आहे. परीक्षकांना हे ठाऊक नसते असेही नाही. ते त्या रांगेत बसतात. पण रिसॉर्टच्या अंगणात, उभ्या गाडीत, एकटे, कॅमेऱ्यापुरते आणि दुसरी रांग शेवटच्या खाचेपर्यंत पुढे सरकवून, आणि मग ‘माझ्या उंचीलाही बऱ्यापैकी जागा आहे’ असे जाहीर करतात. त्या सरकवलेल्या दुसऱ्या रांगेतील माणसाच्या पायांचे काय झाले, हे विचारायला तेथे माणूसच नसतो.

वास्तविक जास्त माणसे कमी जागेत नेण्याची विद्या महाराष्ट्राला अपरिचित नाही. सांगली, सातारा, कोल्हापूर भागातील वडाप, म्हणजे माणसे भरल्यावरच सुटणारी जीप, ती पिढ्यानपिढ्या राबवीत आली. परंतु वडापवाल्याने कधी आरामाचे आश्वासन दिले नाही, आसनागणिक भाडे घेतले आणि दाटीवाटी सर्वांना सारखी वाटली. तेथे मागे बसणारा कोणाच्या उपकारात नसे.

तेव्हा खरेदीपूर्वी करावयाची चाचणी सोपी आहे. टेस्ट ड्राइव्हला जाताना घरातील ज्या व्यक्तीला मागे बसवायचे मनात ठरलेलेच आहे, तिला तेथेच बसवून एखादा घाट चढून उतरावा आणि मग तिचे मत घ्यावे. ते लेखी घ्यावे, कारण तोंडी विचारल्यास “बसेन की, त्यात काय” याखेरीज दुसरे उत्तर मिळणार नाही. उत्तर नकारार्थी आल्यास पाच आसनी गाडी घेऊन, वाचलेल्या पैशांतून वर्षातून दोनदा सर्वांना नीट बसता येईल असे मोठे वाहन चालकासह भाड्याने करावे, म्हणजे कर्त्या मुलालाही घाटात फोन उचलता येईल. आणि ज्या घराला असे विचारणेच जड जाते, त्या घराने सात आसनी गाडी अवश्य घ्यावी. ती नेमकी त्याच घरासाठी बनवलेली आहे.