चौदा यूजरांची पेढी

उमरग्याच्या मार्केट यार्डात सौदा झाला, पैसे दिले, पोती गाडीत पडली की माल घेणाऱ्याचा. मग तो विको, भरडो नाहीतर पावसात भिजवो, आधीच्या मालकाचा संबंध संपला. याच समजुतीवर मी सॉफ्टवेअर खरेदीला निघालो. तिथे कळलं की पैसे मोजले तरी माल विकणाऱ्याचाच राहतो. आपल्याला मिळते ती फक्त वापरायची परवानगी, तीही एका यंत्रापुरती, एका माणसापुरती किंवा एका वर्षापुरती. कर मात्र माल म्हणून बसला. सर्वोच्च न्यायालयानं 2004 साली टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश सरकार या खटल्यात सांगून टाकलं की बाजारात मिळणारं तयार सॉफ्टवेअर विक्रीकराच्या दृष्टीनं मालच आहे. आता जीएसटी 18 टक्के. आमचा बहुतेक धंदा सुट्या तुरीचा-डाळीचा, त्यावर कर नाही. आणि करमुक्त मालासाठी केलेल्या खरेदीवरचा कर वजा मिळत नाही. म्हणजे डाळ बिनकराची आणि डाळीचा हिशोब लिहिणाऱ्या न दिसणाऱ्या मालाला 18 टक्के, तेही पदरचे. हे मी अप्पांना, म्हणजे आमच्या मालकांना, समजावून सांगायला गेलो. ते म्हणाले, "मुनीम, पोत्यात काय हाय ते दाखवा आधी."

हे खातं माझ्याकडे आलं त्याला कारण माझं एमएससीआयटीचं प्रमाणपत्र. पेठेत बी.कॉम.वर एमएससीआयटी झालेला माणूस संगणकतज्ज्ञ धरला जातो. अप्पांनी ते प्रमाणपत्र फ्रेम करून गल्ल्यामागे लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलं, आणि त्या दिवसापासून बंद पडलेला प्रिंटर, न लागणारं नेट आणि नातवाची मोबाइलमधली गेम हे तिन्ही माझ्या अखत्यारीत आले.

पेढीत सहा संगणक. तीन यार्डातल्या गाळ्यात, दोन हायवेला लागून असलेल्या डाळमिलमध्ये, एक अप्पांच्या घरी. सगळे वेगवेगळ्या वर्षी सोलापूर-लातूरहून जोडून आणलेले, आणि दर वेळी दुकानदारानं "सगळं टाकून देतो" म्हटलेलं. या सगळ्यात काय काय टाकलं, हे मी कधी विचारलं नाही. भाजीवालीनं मूठभर कोथिंबीर वरून टाकली तर आपण पावती मागतो का? मधूनच एका संगणकाचा पडदा काळा होई आणि कोपऱ्यात इंग्रजीत उमटे की ही प्रत अस्सल नाही. अप्पा विचारत, "काय लिवलंय?" मी म्हणे, "व्होल्टेज कमी झालंय."

मग ते पत्र आलं. पत्र म्हणजे ईमेल. वर सॉफ्टवेअर कंपनीचं बोधचिन्ह, खाली बारीक अक्षरात बराच मजकूर, आणि मध्ये ठळक ओळ: आपल्याकडील सॉफ्टवेअर परवान्यांची माहिती 30 दिवसांत कळवावी. 'कंप्लायन्स' हा शब्द त्यात इतक्यांदा होता की तिसऱ्या परिच्छेदात मला घाम फुटला. त्या रात्री मी कायदा वाचायला बसलो, हे माझ्या हातून घडलेलं पहिलं अनिष्ट. स्वामित्वहक्क कायदा 1957, कलम 63 ब: संगणकाच्या प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. त्याच कायद्यात संगणकाचा प्रोग्राम 'साहित्यकृती'त मोडतो. 2020 साली आमच्या जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत, 93 वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. मी आवर्जून गेलो होतो. त्या मांडवात मला एकही विंडोजकार दिसला नाही. मराठवाड्यातला कवी पाचशे प्रती छापून त्यातल्या चारशे स्वतःच्या हातानं फुकट वाटतो, आणि कोणी न विचारता नेली तर त्याला भरून येतं. इथे दुसऱ्याची साहित्यकृती डाळमिलच्या वजनकाट्याशेजारी चालवली म्हणून कैद.

बायको म्हणाली, "झोपा आता, सात दिवसच तर आहेत."

मी झोपलो नाही. उत्तर लिहिलं. पंचायत समितीला अर्ज करायची सवय असलेल्या हातानं लिहिलं, "महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की" अशी सुरुवात केली आणि सोबत तक्ता जोडला. तक्त्याला रकाने पाडले: अनुक्रमांक, ठिकाण, सॉफ्टवेअर, बिल आहे किंवा कसे, नसल्यास कारण. उदाहरणार्थ, "अ.क्र. 4. डाळमिल, काट्याजवळचा संगणक. विंडोज: आहे. ऑफिस: आहे. बिल: नाही. कारण: दुकानदाराने धंदा बंद करून रसवंती टाकली." खाली पेढीचा शिक्का. कलमात 'जाणूनबुजून' अशी अट आहे. तक्ता करायला बसेपर्यंत मला खरोखर काही माहीत नव्हतं. तक्ता पूर्ण झाला आणि मी कलमात बरोबर बसलो.

सकाळी सीएंना फोन केला. त्यांनी ईमेल पुढे पाठवायला सांगितलं, वाचलं आणि विचारलं, "खाली सही कुणाची आहे?" मी बघितलं. "पदनाम काय?" विक्री अधिकारी, पश्चिम विभाग. सीए बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मुनीमजी, ही नोटीस नव्हती हो. जाहिरात होती."

आठवड्याभरात ते अधिकारी स्वतः आले, पुण्याहून गाडी करून. गोड माणूस. तक्त्याचं त्यांनी इतकं कौतुक केलं की मला एमएससीआयटीचा निकाल आठवला. "इतकं पारदर्शक उत्तर आम्हाला कुणीच देत नाही," असं ते म्हणाले. त्यातलं दुःख मला तेव्हा कळलं नाही. मग त्यांनी विचारलं, "यूजर किती?"

इथे हुशार माणसानं चहा मागवला असता आणि विचार केला असता. मी बोटं मोजायला लागलो. एक मी. एक हिशोबाला बसणारा पोरगा. एक अप्पांच्या सूनबाई, त्या जीएसटीची विवरणपत्रं भरतात. एक डाळमिलचा सुपरवायझर. इथवर चार झाले, आणि खरं म्हणजे काम तिथेच संपलं होतं. पण कंप्लायन्स म्हणजे काही लपवायचं नाही, असं माझ्या डोक्यात बसलेलं. अप्पा कधीमधी पडद्याकडे बघतात, म्हणून अप्पा. हमालांचा मुकादम हिशोबपट्टी बघायला माझ्या खांद्यावरून वाकतो, म्हणून मुकादम. तोलार. अप्पांचे दोन चिरंजीव, एक नातू. रात्रीचा वॉचमन, कारण तो संगणक बंद करतो. यार्डातल्या गाळ्याच्या नावानं एक, डाळमिलच्या नावानं एक. आणि कोणी पाहुणं आलं तर, म्हणून एक जादा. चौदा. अधिकारी प्रत्येक नावाला मान हलवून लिहून घेत होते. माणशी दरमहा दर, त्याला बारानं गुणलं, चौदानं गुणलं, वर 18 टक्के. आकडा लाखाच्या पुढे गेला. अप्पांनी विचारलं, "एवढ्यात किती वर्सं?" एक वर्ष, असं ते अधिकारी हसत म्हणाले. "आन् मंग?" मग पुन्हा.

अप्पांनी सही केली, कारण तक्त्यावर आधीच पेढीचा शिक्का होता. सही करताना एवढंच म्हणाले की 1993 च्या भूकंपात गावाकडच्या घराची भिंत वह्यांवर पडली होती, वह्या मातीतून काढल्या, झटकल्या, आणि येणं-देणं चालू झालं. "तुमच्या ह्याला वर्सभरानं पैसं न्हाई दिलं तर त्ये आपलीच वही उघडू देईल का?" मी म्हटलं, वाचायला देईल, लिहायला नाही. हे उत्तर बरोबर होतं आणि देऊ नये असं होतं.

दुसरीकडे हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा परवाना आमच्याकडे अस्सल होता, पण एकाच यंत्राचा. गाळ्यात लावायचा असेल तर आधी डाळमिलच्या संगणकावरून सोडावा लागतो. त्या क्रियेला तिथे 'सरेंडर' म्हणतात. भर लिलावात, तुरीच्या ढिगाशेजारी उभा राहून मी फोनवर ओरडायचो, "अरे तू आधी सरेंडर हो! तू सरेंडर झाल्याशिवाय माझं काही चालत नाही!" पलीकडे भरड्याचा आवाज, त्यामुळे मला आणखी मोठ्यानं ओरडावं लागे. एकदा सीमेपलीकडून, आळंदकडून माल घेऊन आलेले एक म्हातारे शेतकरी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मुलगा आहे का? पोलिसात द्या म्हणजे मार कमी बसतो." तेव्हापासून यार्डात माझ्या थोरल्या चिरंजीवांबद्दल एक वेगळीच समजूत आहे. तो बिचारा लातूरला फार्मसी करतोय.

याच भरात मी नियमही वाचू लागलो. 1 एप्रिल 2023 पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक दुरुस्तीची नोंद, वेळेसकट, पुसता न येईल अशी राहिली पाहिजे, असा दंडक आला. मी तातडीनं तशी सोय असलेली आवृत्ती घेतली. पैसे भरून झाल्यावर सीएंनी सांगितलं की तो दंडक कंपन्यांना आहे. अप्पांची पेढी एकट्याच्या मालकीची, तिला लागू नाही. पैसे परत येणार नव्हते, म्हणून सोय चालूच ठेवली. त्यामुळे आता शंभर क्विंटल तुरीच्या जागी मी हजार क्विंटल कधी लिहिले, ते कधी खोडले आणि पुन्हा हजारच कसे लिहिले, हे सूनबाईंना एका बटणावर दिसतं. माझ्या चुकांचं इतकं शिस्तशीर दप्तर माझ्या बायकोनंही ठेवलेलं नाही.

स्वस्तातली विंडोजची किल्लीही आणून पाहिली. चारशे नव्याण्णव रुपये, 'आजन्म'. व्हॉट्सॲपवर पंचवीस अक्षरं आली, चालली, आणि काही महिन्यांनी थांबली. ती म्हणे कुठल्याशा संस्थेला घाऊक दिलेल्या परवान्यातली होती, आणि विकणाऱ्याचा नंबर तेव्हाही ऑनलाइन दिसत होता, फक्त मला नाही.

लॉकची गोष्ट मात्र सांगावीच लागेल. मराठी पट्ट्या छापायचं आमचं जुनं सॉफ्टवेअर यूएसबीच्या एका लॉकवर चालायचं. अंगठ्याएवढी हिरवी काडी, ती खोचल्याशिवाय अक्षर उमटत नसे. लक्ष्मीपूजनाला वह्या मांडतात तसा आता संगणकही मांडतात. पण मी विचार केला, खरा ऐवज तर या काडीत आहे. म्हणून ती उपसून चांदीच्या ताटलीत ठेवली. भटजींनी तिला हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पंचामृताचे दोन थेंब शिंपडले आणि अक्षता टाकल्या. पाडव्याला खोचली तर दिवा लागेना. बघितलं तर तोंडात कुंकवाचा चिखल आणि त्यात तांदळाचा एक दाणा आडवा रुतलेला. उदबत्तीच्या काडीनं दाणा निघाला, पण जाताना आतली पितळी पट्टी घेऊन निघाला. विक्रेत्यानं सांगितलं, लॉक बिघडलं असेल तर जुनं जमा करा आणि बदलीचे पैसे भरा; हरवलं असेल तर परवानाच हरवला असं धरून नवं घ्या. मी लॉक कुरियरनं पाठवलं. त्यांचा फोन आला: "साहेब, यावर लाल काय आहे?"

अप्पांचा भाचा त्या दिवाळीला पुण्याहून आला होता. त्यानं माझी परवान्यांची फाइल बघितली, डोक्याला हात लावला आणि जेवणाआधी एका संगणकावर लिबरऑफिस टाकून दिलं. युनिकोड मराठीत पट्टी छापून दाखवली, लॉक न लावता. किती, विचारलं, फुकट. सहाही संगणकांवर? साठ असले तरी. केंद्र सरकारनं 2015 सालीच आपल्या कार्यालयांसाठी असल्या मुक्त सॉफ्टवेअरचं धोरण काढलंय, हेही त्यानं सांगितलं. पण मी आता पोळलेला. मी म्हटलं, बिल कुठंय? तो म्हणाला, "मामा, फुकटाचं बिल कसं असेल?" मग मी त्या सॉफ्टवेअरचा अख्खा परवाना इंग्रजीत छापून घेतला, त्यावर पेढीचा शिक्का मारला आणि फाइलला लावला. अनुक्रमांक सात. फाइलमधला सगळ्यात जाड कागद तोच आहे.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा आधारही संपला, तोही दिवाळीच्या तोंडावर. अकरावी आवृत्ती आमच्या सहापैकी चार जुन्या यंत्रांना चालत नाही. त्यांच्यात तिला लागणारी सुरक्षेची चीपच नाही. अप्पांना मी हे अजून सांगितलेलं नाही. पण ते हल्ली काळ्या पडद्याची वाट बघत असल्यासारखे माझ्यामागे येऊन उभे राहतात.

चौदा यूजरांचं पुढे काय झालं असं विचाराल, तर नूतनीकरणाच्या वेळी ते चार करायचे असं मी ठरवलं होतं. आठवणीचे ईमेल ज्या पत्त्यावर जायचे, तो पत्ता हिशोबाला बसणाऱ्या पोराचा. तो पोरगा समोरच्या अडत्याकडे लागला. पासवर्ड त्याच्याकडे, कार्ड आमचं. मार्चअखेरीस रक्कम आपोआप वळती झाली, पूर्ण चौदाची, आणि करारात मध्येच संख्या कमी करायची सोय नाही. त्यामुळे पुढच्या मार्चपर्यंत आमच्याकडे दहा यूजर रिकामे पडून आहेत, वॉचमनसकट. ते दुसऱ्याला भाड्यानं, उसने किंवा निम्म्या भावात देता येत नाहीत, करारात तसं स्पष्ट लिहिलंय. यार्डातले दोन-तीन अडते विचारून गेलेत, म्हणून सगळ्यांना एकदमच सांगून ठेवतो: कृपया विचारायला येऊ नये.