लो मायलेज गाडी विकण्याचे सोपे उपाय (नवशिक्यांसाठी)

सुरुवातीलाच एक खबरदारी. अमेरिकेतली जुनी गाडी विकायला काढल्याची बातमी सांगलीच्या चुलतभावाला फोनवर देऊ नये. मी दिली. ‘लो मायलेज आहे, भाव चांगला येईल,’ असं म्हटल्यावर पलीकडे जरा वेळ काही ऐकू येईना. मग आवाज आला, ‘लो असेल तर घेणार कोण? देते तरी किती?’

आपल्याकडे मायलेज म्हणजे लिटरला किती पळते ते. इथे मायलेज म्हणजे जन्मल्यापासून किती पळली ते. माझी गाडी दोन्ही अर्थांनी लो आहे. 30 वर्षांत 31,400 मैल झालेत, आणि गावातल्या गावात लिटरला 7 किलोमीटरच्या आसपास देते. जाहिरातीत पहिला आकडा ठळक लिहावा. दुसरा जो विचारेल त्याला चहा पाजून वाटेला लावावा, ते आपलं गिऱ्हाईक नव्हे.

आता आपण नेमकं काय विकतोय ते समजून घ्या. माझ्याकडे आहे 1996 ची ब्युइक रोडमास्टर इस्टेट वॅगन. लांबी 18 फुटांहून थोडी जास्त, वजन 2 टनांच्या वर, पुढे 5.7 लिटरचं व्ही-एट इंजिन, 260 अश्वशक्तीचं. कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारमधल्या इंजिनाचा हा जरा शांत स्वभावाचा भाऊ. माणसं बसतात आठ. पुढे तीन, मध्ये तीन, आणि मागे दोन, पण ती दोन उलटी, मागच्या रस्त्याकडे तोंड करून. मधल्या रांगेच्या डोक्यावर छतालाच काच. टेक्सासातल्या आर्लिंग्टनच्या कारखान्यातून 1996 च्या डिसेंबरात शेवटची रोडमास्टर बाहेर पडली, आणि तिथे मोठमोठ्या एसयूव्ही बनू लागल्या. त्यामुळे ‘अशी गाडी आता होणे नाही’ हे वाक्य तुम्ही निर्धास्त लिहू शकता. जुन्या गाडीच्या जाहिरातीतलं हे बहुधा एकमेव खरं वाक्य असतं.

गाडी एवढी कमी का चालली, याचं उत्तर तयार ठेवा, कारण पहिला प्रश्न तोच येतो. अमेरिकेत याचं प्रमाणित उत्तर म्हणजे एक आजीबाई. ती फक्त रविवारी चर्चला जायची आणि बाकी सहा दिवस गाडी गराजमध्ये झाकलेली. हे उत्तर इतकं वापरून झालंय की खरीखुरी आजीबाई समोर उभी केली तरी कोणी विश्वास ठेवत नाही. मी खरं सांगतो. ही गाडी मी आठ माणसांसाठी घेतली आणि आली दोन. नाना, आई, दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि आम्ही दोघं, असा हिशेब करून मी ओहायोतल्या कोलंबसला ही आगगाडी दारात उभी केली. 1997 च्या उन्हाळ्यात विमानातून नाना आणि आई एवढेच उतरले. बाकीच्यांचं जमलं नाही. ते पुढेही कधी जमलं नाही.

नाना कुर्ल्याच्या प्रीमियरमध्ये लागले 1955 साली. तेव्हा तिथे क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ जुळवल्या जायच्या. ब्युइक मात्र जनरल मोटर्सची, आणि जनरल मोटर्सचा मुंबईतला कारखाना शिवडीला, 1928 पासूनचा. नाना कुर्ल्यात येईपर्यंत तो बंदही झाला होता, पण नानांच्या लेखी जनरल मोटर्स म्हणजे कायमचे ‘ते शिवडीवाले’. विमानतळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी माझ्या नव्याकोऱ्या ब्युइकभोवती एक प्रदक्षिणा घातली, दाराच्या लाकडावर बोटाच्या पेराने टकटक केली, कान लावला आणि निकाल दिला, ‘लाकूड नाही हे. कागद चिकटवलाय.’

कागद नव्हे, विनाइल. पण निकाल योग्यच होता. हे चित्राचं लाकूड उन्हात विटतं, आणि गाडी वर्षानुवर्षं एकाच तोंडाने उभी असेल तर एकाच बाजूचं विटतं. माझ्या गाडीचं डावं अंग कोऱ्या चहाचं आहे, उजवं दुधाच्या. फोटो डाव्या बाजूने काढा. समक्ष दाखवताना मात्र उजवी बाजू आधी दाखवा. गिऱ्हाईक आपण होऊन शोधतो तो दोष त्याला डॉलरमध्ये मोजायची सवय असते, आपण सांगितलेला दोष तो प्रामाणिकपणात धरतो.

धुलाईबद्दल मतभेद आहेत. माझं मत असं की बाहेरून लख्ख धुवावी, बॉनेटखाली हात लावू नये. चकचकीत इंजिन दिसलं की जाणता माणूस विचारतो, काय लपवलंत? या इंजिनात डिस्ट्रिब्युटर पाण्याच्या पंपाच्या बरोबर खाली बसवलाय. पंप ठिबकला की थेट त्याच्यावरच अभिषेक. म्हणून खरा रोडमास्टरवाला इंजिनाचं कौतुक करत बसत नाही. तो सरळ पंपाखाली बोट घालतो, बोट बाहेर काढून बघतो, आणि कोरडं निघालं तरच आपलं नाव सांगतो. त्यानंतर तो स्टिकरवर व्ही-92 हा कोड शोधतो, म्हणजे ट्रेलर ओढायची सोय कारखान्यातूनच आहे का. ‘व्ही-92 म्हणजे काय हो?’ असं त्याला विचारू नये. निदान मोठ्याने नाही.

टायरवर मी फसलो, तुम्ही फसू नका. नक्षी जशीच्या तशी, कुठे गोटा झालेला नाही, म्हणून मी ‘टायर नव्यासारखे’ लिहून मोकळा झालो. पहिल्याच माणसाने गुडघे टेकून विजेरीने टायरच्या कडेचे शेवटचे आकडे वाचले. 2000 सालापासून तिथे चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘2208,’ तो म्हणाला. म्हणजे 2008 चा मे-जून. रबर बसून बसून म्हातारं होतं, त्याला चालवायची गरज नसते. उभ्या गाडीतलं पेट्रोलही तसंच, बॅटरीही तशीच. कमी चालवणं म्हणजे जपणं नव्हे, हे मला त्या माणसाच्या विजेरीच्या उजेडात कळलं आणि 800 डॉलरला पडलं.

गंजाचा मुद्दा मात्र छाती फुगवून मांडावा. ओहायोत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. इथल्या गाड्या ते मीठ खातात आणि खाल्ल्या मिठाला न जागता खालून पत्रा सोडतात. माझी गाडी डिसेंबर ते मार्च घराबाहेर पडलीच नाही. एक गृहस्थ लोहचुंबक घेऊन आले होते, पुट्टी भरलेली असेल तर चुंबक धरत नाही म्हणून. तासभर त्यांनी पत्र्यावर चुंबक फिरवलं, सगळीकडे टक टक चिकटलं, मग म्हणाले, ‘माझ्या वडिलांकडे अगदी हीच होती,’ आणि डोळे पुसत निघून गेले. असे चार आले. त्यांच्यासाठी घडीच्या खुर्च्या बाहेर ठेवाव्यात.

वासाबद्दल जाहिरातीत ‘गाडीत कोणी सिगारेट ओढलेली नाही’ असं लिहायची रीत आहे. हिंगाबद्दल काय लिहावं, याची रीत अजून पडलेली नाही. मी काही लिहिलं नाही.

आता कागदपत्रं. तुमचा सगळा भाव त्या 31,400 वर उभा आहे, आणि गंमत अशी की सरकारला त्यात रस नाही. 2010 आणि त्याआधीच्या मॉडेलांना ओडोमीटरच्या लेखी हमीतून सूट आहे. म्हणजे टायटलवर (गाडीच्या मालकीच्या कागदावर) आकड्यापुढे ‘सूट’ एवढंच. पुरावा घरातून काढावा लागतो. आमच्या हिने ऑइल बदलल्याची प्रत्येक पावती बिस्किटांच्या निळ्या गोल डब्यात ठेवली होती, तारीख आणि मैलांसकट. डबा उघडून टेबलावर ठेवला की घासाघीस निम्मी होते. एका चिठ्ठीवर मैल नव्हते, ‘रवा, साबुदाणा, तूप’ होतं. तीही गिऱ्हाइकाने आदराने वाचली.

ओहायोत टायटलवरची सही नोटरीसमोरच करायची असते. उत्साहात घरी करून नेऊ नका. आणि चेक ठरल्या रकमेपेक्षा मोठा पाठवून ‘वरचे पैसे ट्रकवाल्याला द्या’ म्हणणारा भेटला तर फोन ठेवा. यावर अधिक काही लिहायची गरज नाही.

टेस्ट ड्राइव्हला मागच्या उलट्या सीटवर तुम्ही स्वतः बसू नये. मी बसलो. नायगाराला जाताना नाना तिथेच बसले होते, जाऊन येऊन जवळजवळ 700 मैल. पुढे या म्हटलं तरी येईनात. मागून येणाऱ्या प्रत्येक ट्रकचा मेक ते सांगत होते, आम्हाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. एरी शहर ओलांडल्यावर डाव्या हाताला तलाव लागला तेव्हा ते ओरडले, ‘उजवीकडे बघा!’ आणि आम्ही सगळ्यांनी मान चुकीच्या बाजूला वळवली.

घेणारा शेवटी भेटला तो डेटनचा, मूळपणाचा भक्त. रेडिओ मूळचा का, चटया मूळच्या का, जॅक मूळचा का. नोटरीकडून परत आल्यावर मी माझी नंबरप्लेट सोडवत होतो, कारण ती इथे विकणाऱ्याकडेच राहते, आणि तो मागच्या सीटखालच्या खोलगट जागेत हात घालून चाचपत होता. हाताला काहीतरी लागलं. गुलाबी, चुरगळलेला, रावळगावच्या पान पसंदचा कागद. वालचंद हिराचंद यांनीच रावळगावची गोळी सुरू केली आणि त्यांनीच कुर्ल्याचा कारखाना, त्यामुळे नानांच्या खिशात दुसऱ्या कुठल्या गोळ्या नसायच्या.

मी हात पुढे केला. त्याने कागद उजेडात धरून दोन्ही बाजूंनी नीट बघितला.

‘मूळचा?’ त्याने विचारलं.

‘1997 चा,’ मी म्हणालो.

त्याने तो बोटांनी सरळ केला, घडी घातली आणि गाडीच्या माहितीपुस्तकात ठेवून दिला.