आरपीएम आप्पा

केदारेश्वराचं देऊळ बघायला आलेले पाहुणे बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्यांपुढं माना वर करून उभे असतात, तेव्हा आमचे आप्पा त्यांच्या मागं उभे राहून त्यांची गाडी ऐकत असतात. ड्रायव्हरनं एसीसाठी ती चालूच ठेवलेली असते. आप्पा डोळे मिटतात, मान जरा कलती करतात आणि पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "सातशेवर आलीय. साडेआठशे पाहिजे." पाहुण्याला वाटतं, हा गाइड असावा आणि मूर्तीचं वय सांगत असावा. तो मान डोलावून वहीत लिहून घेतो. धर्मापुरीबद्दल बाहेर जी काही चुकीची माहिती फिरते, तिच्यातली निम्मी इथूनच गेली असावी असा माझा संशय आहे.

आप्पा जेसीबीवाले. पंचवीस वर्षं तीच सीट. जेसीबीला क्लच नसतो. स्टिअरिंगजवळचा दांडा पुढं ढकलला की मशीन पुढं, मागं ओढला की मागं. गिअर बदलायचा तर गिअरच्या दांड्यावरचं बटण दाबायचं. त्यामुळं आप्पांच्या डाव्या पायाला पंचवीस वर्षांत काही कामच पडलेलं नाही. उजव्या पायाची चप्पल रेसवर दाबून दाबून अंगठ्याशी फाटते आणि डावी नवीकोरी राहते. अंबाजोगाईच्या बाजारात जाऊन "फक्त उजवी द्या" असं म्हणणारा गिऱ्हाईक त्या दुकानदारानं दुसरा पाहिला नसेल.

माणसंसुद्धा ते आरपीएमवरच मोजतात. मी गणिताचा मास्तर, जरा सावकाश बोलणारा. मला पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं, "गुरुजी, तुम्ही सहाशेवर हायेत. एसी लावला तर बंद पडताल." मी हसण्यावारी नेलं. पुढं एकदा बायकोनं खरंच घरात एसी घेण्याचा विषय काढला, तेव्हा माझा आवाज गेला तो गेलाच.

पुण्याला चाकणकडं नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्यानं जुनी स्कॉर्पिओ घेतली, डिझेल आणि ऑटोमॅटिक, तेव्हापासून आप्पांच्या आयुष्याला अर्थ आला. पोरानं आधी तिचं इंजिन कॉम्प्युटर लावून 'रिमॅप' करून घेतलं. मग त्याच्या डोक्यात आलं की आतला टॉर्क कन्व्हर्टर बदलावा, म्हणजे सिग्नलला गाडी उडी मारेल. कन्व्हर्टर बनवणारे पहिला प्रश्न विचारतात तो स्टॉल स्पीडचा. त्यानं मामाला फोन केला, "मामा, स्टॉल किती ठेवू? चोवीसशे का तीन हजार? एकच आकडा सांगा."

चूक त्याची नव्हती. आप्पांना एकच आकडा मागायचा नसतो, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी आप्पांनी मला हॉटेलात बोलावलं आणि हॉटेलवाल्याकडून दोन टेबलफॅन मागवून घेतले. एक चालू केला, दुसरा बिनवायरीचा त्याच्यासमोर ठेवला. चालू पंख्याच्या वाऱ्यानं दुसरा हळूहळू फिरायला लागला. "हे इंजिन. ह्ये चाकं. मधी वाऱ्याच्या जागी तेल. दोघांचा एकमेकाला हात न्हाई." मग त्यांनी समोरच्या पंख्याची पाती बोटानं धरली. "आता चाकं थांबली, इंजिन मात्र फिरायलंय. रेस पुरी दाबली, चाकं जागची हलंनात, तवा इंजिन जास्तीत जास्त किती फेऱ्यांवर जाऊन थोपतंय, तो स्टॉल." एवढ्यात लाइट गेली. परळीच्या थर्मलमध्ये वीज तयार होते, तिची राख हायवा भरभरून आमच्या तालुक्याच्या रस्त्यावर सांडते, आणि वीज नेमकी उदाहरणाच्या वेळी जाते. अंधारात आप्पांचा आवाज आला, "बगा, दोन्ही सातशेवर आले."

मेणबत्तीच्या उजेडात त्यांनी खरी गंमत सांगितली. दोन पंखेच असते तर कामाचं काही नव्हतं. त्या दोघांच्या मधे तिसरं, छोटं चाक असतं, स्टेटर. परत येणारं तेल पहिल्या चाकाच्या उलट अंगावर आदळायला निघतं, त्याला हे मधलं चाक वळवून फिरत्या अंगाला लावतं. म्हणून सुटताना इंजिनचा जोर चाकाशी जवळपास दुप्पट होऊन पोचतो. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरनं १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते जहाजासाठी, टर्बाइनची ताकद पंख्याला नीट पोचावी म्हणून. मी हे वाचून सांगितल्यावर आप्पा म्हणाले, "आपल्याकडं समुद्र न्हाई, पर मुरूम हाय."

ते खोटं नाही. बकेट मुरमाच्या ढिगात घुसते, मशीन जागच्या जागी थिजतं, इंजिन गुरगुरतं, आणि मग ढीग हलतो. तो गुरगुरण्याचा क्षण म्हणजेच स्टॉल. जेसीबीवाला दिवसातून शंभरदा त्यात जातो आणि बाहेर येतो. अमेरिकेतली शर्यतीची पोरं जे महिन्याकाठी एकदा करतात, ते आमच्याकडं विहिरीच्या कामावर तासाच्या भाड्यानं मिळतं. २०१९ च्या मे महिन्यात जेसीबीची खोदाई बघत बसणाऱ्या लोकांवर सारा देश मोबाइलवर हसत होता. धर्मापुरीत तो विनोद कुणाला कळलाच नाही. लोक बघत होते. त्यात हसायचं काय?

मग प्रश्न सुरू झाले. आप्पांनी कारखान्याची जुनी डायरी काढली आणि भाच्याला एकेक विचारायला लागले. गाडीचं वजन किती? टायर केवढे? मागच्या एक्सलचा रेशो काय? इंजिनचा जोर कितीचा कितीवर गेला? पोरानं सांगितलं, "कंपनीचा दोनशे नव्वद न्यूटन-मीटर, आता साडेतीनशे." आप्पांनी फोन कानाचा न काढता मला हाक मारली, "गुरुजी, वर्गमूळ!"

कारण आहे. स्टॉल हा काही कन्व्हर्टरवर छापलेला आकडा नसतो. तोच कन्व्हर्टर जोरदार इंजिनला लावला की त्याचा स्टॉल आपोआप वर जातो, पण जोराच्या पटीत नाही, जोराच्या वर्गमुळाच्या पटीत. जोर दुप्पट झाला तर २००० चा स्टॉल ४००० होत नाही, २८०० च्या आसपास जातो. २९० चा ३५० झाला तर २००० चा २२००. म्हणजे रिमॅप केल्याबरोबर पोराला दोनशे फेऱ्या फुकटातच मिळालेल्या होत्या. सातवीत दोनदा बसलेल्या माणसाला हे वर्गमूळ मुरमाच्या ढिगात कळलं होतं; मी बावीस वर्षं शिकवतोय आणि ते कशाला लागतं हे मला त्या दिवशी कळलं.

"मग तीन हजार ठेवू का?" पोराचा हट्ट. त्यानं अमेरिकेतले व्हिडिओ पाहिले होते. आप्पा खवळले. "आरं, त्या गाड्यांचं पेट्रोल इंजिन, मोठा कॅम टाकलेलं. त्येला झोपंतून उठायलाच तीन हजार लागत्यात. म्हणून ते तितका स्टॉल ठेवत्यात. तुझं टर्बो डिझेल अठराशेला उठून, दात घासून, च्या पिऊन बसलेलं असतंय. त्येला तीन हजारापर्यंत कामून ताटकळत ठेवायलास? वर आठ्ठावीसशेच्या पुढं त्येचा जोर उतरणीला लागतोय." शिवाय हायवेवर शंभरच्या वेगानं जाताना इंजिन असणार दोन हजाराच्या आसपास. तीन हजाराचा सैल कन्व्हर्टर लॉक नसेल तेव्हा सारखा घसरत राहणार, तेल नुसतं घुसळलं जाणार. "ताक घुसळल्यागत. लोणी न्हाई निघायचं, तेल करपंल." लाल तेल चॉकलेटी झालं आणि करपल्याचा वास आला की गिअरबॉक्सचं बारावं घालायचं, हे त्यांचं वाक्य मी आमच्या स्टाफरूममध्ये वापरतो.

इतकं सगळं कळणाऱ्या माणसानं आता आकडा सांगून मोकळं व्हायला हवं होतं. पण आप्पांना उत्तरात रस नाही. प्रत्येक उत्तराच्या पोटातून त्यांना एक नवा प्रश्न दिसतो. कूलर किती मोठा? गाडीत माणसं किती बसणार? आत्या बसणार का? आत्या बसणार असेल तर ज्वारीचं पोतंही असणार, म्हणजे वजन वाढलं. गाडी पुण्यात चालणार का घाटनांदूरच्या रोडला? घाटनांदूरच्या रोडला चालणार असेल तर स्टॉल कशाला, खड्डे पुरे. असं करत तीन दिवाळ्या गेल्या. डायरी भरली. स्वतःचं मशीन बदलायचं म्हणून आप्पा सहा वर्षं कोटेशन गोळा करतायत, तीही त्याच डायरीत आहेत. एकदा मामी चहा ठेवताना मला म्हणाल्या, "गुरुजी, ह्यांचा एक पाय रेसवर हाय अन् एक ब्रेकवर. गाडी कशी हालंल?" मी त्यांना सांगितलं नाही की स्टॉल टेस्टची व्याख्या त्यांनी नेमकी सांगितली.

शेवटी भाऊबीजेला पोरगा गाडीच घेऊन आला. आप्पांनी टेस्ट घ्यायची ठरवली. आधी घाटनांदूरपर्यंत जाऊन तेल गरम करून आणलं. थंड तेलावर आकडा खोटा येतो. मग चारी चाकांना दगड लावायचे. पोरं दगड आणायला किल्ल्याकडं पळाली. आणलेला प्रत्येक दगड आप्पा उलटा करून बघत होते. आमच्या गावात हे करावंच लागतं, कारण किल्ल्याच्या तटात देवळांचे दगड बसवलेले आहेत आणि कुठल्या धोंड्याच्या पोटाला वेलबुट्टी निघेल सांगता येत नाही. एकाच्या मागं कुणाचा तरी कोरीव पाय निघाला. "न्हेऊन ठिव," आप्पा ओरडले, "त्ये आठशे-नऊशे वर्सं जागचं हाललं न्हाई. त्येचा स्टॉल आपल्याच्यानं न्हाई निघायचा."

हँडब्रेक ओढला. पोरानं उजव्या पायानं ब्रेक दाबला आणि डावा पाय रेसकडं न्यायला लागला, तशी आप्पांनी त्याला उतरवलं आणि स्वतः बसले. पंचवीस वर्षं रिकामा असलेला त्यांचा डावा पाय ब्रेकवर गेला. मी काच खाली करून आत वाकलो होतो, काट्यावर नजर ठेवायचं काम माझं. डी लावला. डावा पाय दाबून उजव्यानं रेस पुरी दिली. गाडीनं नाक उचललं, पुढच्या दगडाला चाक नुसतं टेकून उभं राहिलं, बॉनेट थरथरलं, हॉटेलातले ग्लास किणकिणले. पाच सेकंदांच्या वर नाही, असं आप्पांनीच बजावलं होतं, कारण इंजिनची सगळी ताकद त्या वेळी फक्त तेल तापवत असते. काटा वर गेला, एकवीसशेच्या जरा पुढं जाऊन ठरला. आप्पांनी रेस सोडली, न्यूट्रल केलं आणि तेल निवायला दोन मिनिटं गाडी तशीच चालू ठेवली. गावात इतकी शांतता मी ग्रामसभेतसुद्धा पाहिली नाही.

"एकवीसशे," मी म्हणालो.

आप्पा खाली उतरले. डायरीत आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या. "ह्यो बराबर हाय. अठराशेला उठणाऱ्या इंजिनला एकवीसशे. कायबी बदलू नगंस. कंपनीचाच राहू दे." तीन वर्षांत पहिल्यांदा आप्पांनी एक आकडा सांगितला होता. भाच्यानं पाया पडून घेतलं. मामींनी ओवाळणीच्या ताटातला उरलेला पेढा मला दिला. पोरगा त्याच रात्री पुण्याला निघाला.

पहाटे पाचला माझा फोन वाजला.

"गुरुजी, झोपलाव का? पोराचा फोन लागंना. काल टेस्टच्या वक्ताला, तुम्ही आत वाकलं होताव म्हणून इचारतो, एसी चालू होता का हो?"