डबल स्टॅक अण्णा

अण्णा हॉटेलात आले की खुर्चीवर सरळ बसत नाहीत. आधी उजवी बाजू अधांतरी ठेवतात, पांढऱ्या नेहरू शर्टाचं टोक दोन बोटांनी उचलतात, कमरेचं काहीतरी इकडचं तिकडं करतात आणि मगच पोऱ्याला चहा सांगतात. शर्ट उचलायची खरं तर गरज नसते. पण उचलल्याशिवाय पिस्तूल दिसत नाही, आणि दिसणार नसेल तर ते कपाटात असलं काय नि कमरेला असलं काय.

अण्णा हा एकच माणूस आहे असं समजू नका. मंचरपासून आळेफाट्यापर्यंत नाशिक रस्त्यानं जा, दर चार-पाच गावांमागं एक अण्णा भेटेल. कुणी बागाईतदार, कुणी गाडामालक, कुणाची जमीन रस्त्यात गेलेली. मी सांगतोय ते नारायणगावच्या अंगाचे, टोमॅटोतले. २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटचा भाव दोन हजारांच्या वर गेला, तेव्हा कुणी बंगल्याचा स्लॅब टाकला, कुणी शर्यतीचा खोंड आणला. अण्णांनी जिल्हाधिकारी कचेरीत शस्त्रपरवान्याचा अर्ज टाकला.

अर्ज एकाच ठिकाणी अडला. जिवाला धोका कुणापासून? अण्णांना दुश्मनच नव्हता. गावात उसने पैसे दिलेले पुष्कळ, पण ते लोक अण्णांना बघून रस्ता बदलत; अंगावर येणारा एकही नाही. शेवटी त्यांनी चुलतभाऊ आबांना गाठलं. आबा फौजेतून हवालदार होऊन आलेले, आणि बांधावरच्या जांभळीवरून दोघांची जुनी कुरबुर. "आबा, तुपलं नाव घालतो. राग मानू नको." आबांनी राग मानला नाही. फक्त नावापुढं 'माजी सैनिक' लिहायला लावलं. चौकशीला पोलीस आले तेव्हा चहा आबांच्याच घरून गेला.

परवाना हातात पडला आणि खरा घोळ सुरू झाला. घ्यायचं काय?

साधा मार्ग होता. सरकारी कारखान्याचं पॉइंट बत्तीसचं रिव्हॉल्वर, सहा घरांचं, लाखाच्या आसपास. पण अण्णांच्या मोबाइलवर अमेरिका होती. तिथं दाढीवाले गडी दोन-अडीच हजार डॉलरची पिस्तुलं घेऊन पत्र्याच्या ताटल्या पाडत होते. एका मॅगझिनमध्ये सतरा-अठरा गोळ्या, मूठ जाड, चाप लोण्यासारखा. 'डबल स्टॅक' हा शब्द अण्णांनी तिथून उचलला आणि ते तो 'डबल इंजिन'च्या चालीवर म्हणू लागले.

त्यात मेख अशी की तसली बहुतेक पिस्तुलं नऊ एमएमची, आणि आपल्याकडं ती गोळी साध्या नागरिकाला बंद. फौज-पोलिसांचं ठीक आहे. दुहेरी मॅगझिनचं, तेरा गोळ्यांचं ब्राउनिंग बेल्जियममध्ये १९३५ साली निघालं. तेच पुढं बंगालातल्या ईशापूरच्या कारखान्यात आपल्या सैन्यासाठी बनू लागलं. आबांनी ते हाताळलेलं. अण्णांच्या वाट्याला उरलं ते पॉइंट बत्तीस. त्यातही दुहेरी रांगेचं हवं म्हणून त्यांनी हेरलं ते इटलीचं बेरेटा ८१, बारा गोळ्यांचं. साध्या माणसाला परदेशी हत्यार मागवणं ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे, म्हणजे मिळेल ते कुणाचं तरी जुनं. अण्णांनी एका म्हाताऱ्या परवानेदाराकडून ते घेतलं. किती लाखांना, ते आमच्यापैकी कुणालाच खरं सांगितलं नाही. वहिनींना वेगळा आकडा, आबांना वेगळा. आमच्यासमोर एवढंच, "बाहेरचा माल येणं बंद हाय, म्हंजी हे वाढतच जाणार. न पेरता वाढणारी मपल्या घरातली येवढी एकच वस्तू."

एके दिवशी हॉटेलात शेंगा होत्या. भरलेलं हत्यार चारचौघांत काढायची सोय नाही, म्हणून अण्णांनी टेबलावर शेंगा मांडून आम्हाला डबल स्टॅक शिकवलं. आधी एकीखाली एक सात शेंगा. "ही तुपली साधी पिस्तुलं." मग दोन रांगा, एकीतली शेंग दुसरीच्या फटीत बसवून, बारा. "उंची तेवढीच, माल जवळजवळ दुप्पट. क्रेट कसं भरतो आपण? तसं."

आबा शेंगा सोलत ऐकत होते. म्हणाले, "अण्णा, कारखान्यावर ऊस घालतोस ना? ट्रॉल्या दोन रांगांनी येत्यात. काट्यावर किती जात्यात?"

"एक."

"मग अडतंय कुठं?"

अण्णा गप्प.

"तोंडाशी," आबा म्हणाले. त्यांनी शेंगांच्या दोन्ही रांगा बोटांनी वर सारल्या. वरच्या दोन एकमेकींना भिडून आडव्या झाल्या. "तुपल्या डब्याचं पण तेच. दोन रांगा वर येऊन एक व्हायच्या. ओठ जरा वाकला, स्प्रिंग जरा सैल पडली, की ट्रॉली आडवी. मग बस हॉर्न वाजवत."

मग त्यांनी साध्या हत्याराची बाजू मांडली, आणि मला ती पटली. रिव्हॉल्वरमध्ये काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात फुसकं निघालं तर दुसऱ्या हातानं स्लाइड मागं ओढून ते बाहेर फेकावं लागतं. आता रात्री दारं धरायला गेलेल्या माणसाचा दुसरा हात कुठं असतो? बॅटरीत. आणि पहिला खोऱ्यावर. "चार हातांचा असशील तर घे डबल स्टॅक," आबा म्हणाले आणि उदाहरणातल्या बाराच्या बारा शेंगा खाऊन टाकल्या.

जाड मुठीचा आणखी एक तोटा आबांनी भिडेपोटी सांगितला नाही, तो मी सांगतो. अण्णांचं पोट. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये जी फट असते ती एकेरी पिस्तुलाला पुरली असती. दुहेरीमुळं अण्णा एका अंगाला कलून चालतात. लांबून बघणाऱ्याला मणक्याचा आजार वाटतो.

दसऱ्याला ट्रॅक्टर, विळे, औत यांच्याबरोबर पिस्तूलही पाटावर येतं. पहिल्या वर्षी वहिनींनी मनोभावे हळद-कुंकू वाहिलं, झेंडूची पाकळीही चिकटवली. पुढं दोन दिवस अण्णा कापूस लावलेल्या काडीनं मॅगझिनच्या ओठातलं कुंकू काढत ओट्यावर बसले होते. गेल्या दोन वर्षांत त्या पिस्तुलाचं झालेलं एवढंच काम. बैलगाडा शर्यतीच्या घाटात बारी बसली की गाडामालक फेटे उडवतात, तेव्हा अण्णांचा हात कमरेकडं जातो, पण तिथंच थांबतो. हौसेपायी हवेत बार काढला तर २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय काडतुसांचा हिशोब द्यावा लागतो, आणि अण्णांना हिशोब द्यायची सवय नाही, घ्यायची आहे.

मग निवडणुका आल्या. आचारसंहिता लागली की हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ साली लोकसभेला एकदा आणि विधानसभेला एकदा असं बेरेटा दोनदा ठाण्याच्या कपाटात जाऊन राहिलं. अण्णा तेवढे दिवस पाकिटात पावती बाळगत आणि कुणी विचारलं नाही तरी उलगडून दाखवत. कलून चालणं मात्र सुटलं नव्हतं.

नोव्हेंबरातली गोष्ट. थ्री फेज लाइट रात्रीची होती. अण्णा दारं धरून घराकडं येत होते. गोठ्याच्या अलीकडं, उसाच्या कडेला बॅटरीचा झोत गेला आणि दोन डोळे पेटले. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात, पुस्तकात बिबट्या. तो बांधावर पुढचे पाय जोडून बसला होता, सोसायटीच्या मीटिंगला सगळ्यांच्या आधी आलेल्या सभासदासारखा. अण्णांचा हात कमरेला गेला. कमरेला पावती होती.

"आक्के!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

अण्णांच्या आई, वय ऐंशीच्या पुढं, गोठ्यातून तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा आणि खुरपं घेऊन बाहेर आल्या. डबा असा बडवला की आळीतली कुत्री जागी झाली. वाघानं मान वळवली, उठला, आळस दिला आणि काही घाई नाही अशा चालीनं उसात गेला.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात अण्णांचा आवाज मोठा होता. "हत्यार जवळ असतं ना, तर बारा..."

"तर काय?" आबा म्हणाले. "नुसता बसलेल्या वाघावर बार? शेड्यूल एकचा प्राणी हाय त्यो, बहात्तर सालचा कायदा. अंगावर आला असता तर जीव वाचवायला चालतं. पण त्यो तर आलाच नव्हता. मग वनखात्याचा पंचनामा, काडतुसं मोजणार, पिस्तूल जप्त. तुपले लाख गेले का नाय मातीत?"

लाखांचं नाव निघताच अण्णांनी चहा संपवला.

निकालानंतर पिस्तूल परत आलं. पुढच्या पाळीला लाइट पुन्हा रात्रीची होती. मी त्यांच्याच ओट्यावर बसलो होतो. अण्णा निघाले, शर्टाखाली बेरेटा, डाव्या हातात बॅटरी, खांद्यावर खोरं. फाटकापाशी पोचले तेव्हा आक्कांनी आतून हाक मारली.

"डबा घेतला का रं?"

अण्णांनी आमच्याकडं न बघता उजवा हात जरासा हलवला. अंधारात पत्रा वाजला.